मुक्ताबाई साळवे : खरे सांगणारी मुलगी

मुक्ताबाई साळवे हे नाव आपल्या मुलांना ठाऊक असलेच पाहिजे. मुक्ता पुण्याच्या मांग समाजातील मुलगी. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती तीन वर्षे शिकली आणि वयाच्या चौदाव्या वर्षी तिने लेखणी हाती धरली. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'च्या दोन अंकांत छापून आला.

पेशवाईत आपल्या माणसांना इमारतींच्या पायात कसे गाडले, अंगावर छप्पर नसताना आपल्या बाया थंडीवाऱ्यात कशा बाळंत होतात, हे तिने सांगितले. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असा रोखठोक सवाल केला. बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, त्याच्या १०१ वर्षे आधीचा हा सवाल!

परंतु तिची खरी धिटाई पुढेच आहे. काही महारही मांगांना हलके लेखतात, त्यांच्या सावलीचा विटाळ मानतात, हेही तिने लपविले नाही. परक्याचा अन्याय सांगणे कठीण. आपल्याच माणसांचा अन्याय सांगणे त्याहून कठीण.

आपण दीक्षा घेतली, देव्हारे काढले. पण मनातला विटाळ निघाला का? मांग शेजारी आपल्या पंगतीला बसतो का? त्याच्या घरी सोयरीक करायला आपण तयार आहोत का? खोटे न बोलण्याचे शील आधी स्वतःशी पाळायचे असते. आज रात्री मुलांना मुक्ताची गोष्ट सांगा, आणि ती अर्धी सांगू नका.