सॉक्रेटिसाला मराठीत आणणारे कृष्णशास्त्री



चिपळूणकर म्हटले की आपल्याला 'निबंधमाला'कार विष्णुशास्त्री आठवतात. त्यांचे वडील कृष्णशास्त्री बहुतेकांना फक्त 'विष्णुशास्त्र्यांचे वडील' म्हणूनच माहीत असतात. पण रियाधमध्ये, मलाझमध्ये राहणाऱ्या आपण मराठी माणसांनी त्यांची ओळख करून घ्यायला एक खास कारण आहे. ग्रीसचा सॉक्रेटिस आणि अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी, हे दोन्ही मराठीत आणण्यात या एकाच माणसाचा हात होता.

कृष्णशास्त्रींचा जन्म १८२४ चा, पुण्यातला. पेशवाई बुडून जेमतेम सहा वर्षे झाली होती. त्यांचे शिक्षण जुन्या पद्धतीने, विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेत झाले. मोरशास्त्री साठे हे त्यांचे गुरू. न्याय, अलंकार, धर्मशास्त्र असे विषय त्यांनी पक्के केले. गुरुजी त्यांना कौतुकाने बृहस्पती म्हणत. एवढ्या विद्येवर एखादा शास्त्री आयुष्यभर मानाने राहिला असता. कृष्णशास्त्री मात्र त्यानंतर इंग्रजी शिकले आणि त्या खिडकीतून त्यांना सगळे जग दिसू लागले.

१८५२ साली त्यांचे 'सॉक्रेटिसाचे चरित्र' प्रसिद्ध झाले. हा सॉक्रेटिस कोण, ते थोडक्यात सांगतो. इसवी सनापूर्वी ४७० च्या सुमारास अथेन्समध्ये जन्मलेला हा माणूस. वडील दगड घडवणारे, आई सुईण. त्याने स्वतः एक ओळही लिहून ठेवली नाही. बाजारात उभे राहून तो लोकांना प्रश्न विचारायचा. न्याय म्हणजे काय, धैर्य म्हणजे काय? समोरचा उत्तर देई, त्यातून पुढचा प्रश्न निघे, आणि शेवटी आपल्याला वाटते तेवढे कळत नाही हे त्या माणसाच्या लक्षात येई. शहराचे देव न मानणे आणि तरुणांना बिघडवणे या आरोपांवरून इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये त्याला देहदंड झाला. मित्रांनी पळून जाण्याची सोय केली होती. पण ज्या शहराच्या कायद्याखाली आयुष्य काढले तो आता मोडायचा नाही, म्हणून त्याने शांतपणे विषाचा पेला घेतला. पुढे प्लेटो आणि झेनोफन या शिष्यांनी लिहिले म्हणून तो आपल्याला माहीत आहे.

पूर्वपक्ष मांडायचा, मग तो खोडायचा, ही न्यायशास्त्राची सवय. त्यामुळे कृष्णशास्त्रींना हा प्रश्न विचारणारा ग्रीक फारसा परका वाटला नसावा, असे मला वाटते.

गंमत पुढेच आहे. त्याच १८५२ साली मिशनऱ्यांच्या टीकेला उत्तर देण्यासाठी त्यांनी 'विचारलहरी' हे नियतकालिक सुरू केले. एका हाताने स्वतःच्या धर्माची बाजू लढवायची आणि दुसऱ्या हाताने परक्या देशातल्या शहाण्या माणसाचे चरित्र आपल्या लोकांपुढे ठेवायचे! त्यांना यात विसंगती वाटली नाही.

पुढे त्यांनी पुण्याच्या कॉलेजात अध्यापन केले, शिक्षक घडवणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजचे ते मुख्य झाले. मिल्लच्या ग्रंथाच्या आधाराने 'अर्थशास्त्रपरिभाषा' (१८५५), विज्ञानाची तोंडओळख करून देणारे 'अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह' (१८६१), कालिदासाच्या मेघदूताचे मराठी पद्य, मराठी व्याकरणावरचे निबंध... यादी मोठी आहे. नवे शास्त्र मराठीत सांगायचे तर आधी शब्द घडवावे लागतात. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना ही अडचण रोजची. आम्ही सरळ इंग्रजी शब्द वापरून मोकळे होतो, त्यांनी शब्द घडवण्याची मेहनत घेतली.

'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' त्यांनी इंग्रजीवरून मराठीत आणायला घेतल्या, पण ते काम त्यांच्या हातून पुरे झाले नाही. १८७८ साली ते गेले. उरलेले काम विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी तडीस नेले. मराठी घरांत सिंदबाद पोचला तो असा.

ज्या अरबी भाषेत आपण आज दुकानांच्या पाट्या वाचतो, तिनेही एकेकाळी हेच केले होते. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इस्हाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्रीक वैद्यक आणि तत्त्वज्ञानाचे ग्रंथ अरबीत आणले. अरबी त्यामुळे बाटली नाही, श्रीमंत झाली.

आपली मुले इथे इंग्रजीत शिकतात, मित्रांकडून थोडे हिंदी, थोडे अरबी उचलतात. मराठी टिकवायची म्हणजे या भाषांना दाराबाहेर ठेवायचे, असे आपल्याला कधी कधी वाटते. कृष्णशास्त्रींनी नेमके उलटे केले. जगात जे चांगले दिसले ते त्यांनी मराठीत बोलते केले. मुलाने शाळेत ऐकलेली गोष्ट रात्री जेवताना त्याच्याकडून मराठीत सांगून घेणे, एवढे तर आपल्यालाही जमेल. शब्द अडला तर आपण आहोतच की!