लक्ष्मणरावांचा नांगर

इसवी सन १९०० च्या सुमारास दख्खनमधील शेतकऱ्याचा नांगर लाकडाचा असे. बाभळीचे मजबूत खोड हेरून गावचा सुतार तो घडवी आणि त्याला लोहाराने केलेला लोखंडाचा फाळ बसविला जाई. या श्रमाचे मोल दोघांनाही सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपाने, म्हणजे धान्याच्या रूपाने मिळे. नांगरासाठी शेतकऱ्याला रोख पैसा मोजावा लागत नसे. हा नांगर जमीन फोडी. परंतु ती उलथीत नसे. हरळी आणि कुंदा यांच्यासारख्या तणांच्या मुळ्या खोलवर तशाच राहत व पहिल्या पावसाबरोबर पुन्हा वर येत. काळ्या, भारी जमिनीत नांगर खोल घालावयाचा तर बैलांच्या चार-चार, सहा-सहा जोड्या जुंपाव्या लागत. एवढे बैल एका घरी कोठून असणार? मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सावड करून एकमेकांचे बैल आणावयाचे आणि पाळीपाळीने एकेकाचे रान नांगरावयाचे. ज्याची सावड जुळली नाही, त्याचे रान त्या वर्षी तसेच राही.

विलायतेत लोखंडी नांगर होते. त्यांच्या फाळाच्या मागे वाकविलेली लोखंडी पाटी असे. फाळाने कापलेली माती त्या पाटीवर चढे आणि एका बाजूला पालथी पडे. खालची माती वर, वरची माती खाली. तणांच्या मुळ्या उन्हात उघड्या पडून वाळत. हे नांगर आपल्याकडेही येऊ लागले होते. पण ते महाग पडत, आणि फाळ झिजला किंवा एखादा तुकडा मोडला, तर तो समुद्रापलीकडून येईपर्यंत नांगर गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा राही. असा नांगर येथेच, येथल्या शेतकऱ्याला परवडेल असा तयार करण्याचे ज्याने मनावर घेतले, तो मनुष्य शेतकरी नव्हता. तो चित्रकलेचा विद्यार्थी होता.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने शिकून मोठे व्हावे, असे त्यांना वाटे. परंतु लक्ष्मणाचे मन पुस्तकांत रमत नसे. त्याला दोन गोष्टींचे वेड होते, एक चित्रांचे आणि दुसरे यंत्रांचे. वडिलांचा विरोध असतानाही वडील बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तेथे एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. काही रंगांमधला फरक लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना कळतच नसे. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठी आपत्ती कोणती? रंगकाम सोडावे लागले. पण रेषेला रंग लागत नाही. लक्ष्मणराव यंत्रांच्या आराखड्यांच्या चित्रकलेकडे वळले. त्यात त्यांनी प्रावीण्य मिळविले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. शिकविण्याचे काम आटोपले, की ते कर्मशाळेत जात आणि यंत्रे उलगडून, जोडून पाहत. आराखड्यातील रेषा आणि हातातील लोखंड यांची त्यांच्या मनात जी सांगड बसली, ती येथे.

त्या वेळी सायकल ही मोठी नवलाईची वस्तू होती. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. रामूअण्णा त्या विकत व लोकांना चालविण्यास शिकवीत. सायकली दुरुस्त करता करता हत्यारेही जमली. पुढे इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली, तेव्हा ती लक्ष्मणरावांना न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास येऊन राहिले.

बेळगावच्या लहानशा कारखान्यात त्यांनी प्रथम हाती घेतले ते कडबा कापण्याचे यंत्र. अखंड कडब्याची पेंढी जनावरापुढे टाकली, की ते पाला व कोवळा भाग खाते आणि जाड बुडखे पायांखाली तुडविते. गोठ्यातून रोज सकाळी अशी चघळ काढून टाकावी लागे. यंत्राच्या चाकाला बसविलेल्या पात्यांनी कडब्याचे बारीक तुकडे होत आणि जनावर ते सारे खाऊन टाकी. तेवढाच कडबा अधिक दिवस पुरे. दुष्काळी मुलुखात याचे मोल काय, हे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. हे काम कडब्याच्या यंत्राइतके सोपे नव्हते. नांगर इतका जड नसावा, की बैलांच्या माना मोडतील. इतका हलका नसावा, की कठीण जमिनीत तो वर उसळेल. फाळ लवकर झिजता कामा नये, आणि झिजलाच तर जुना काढून नवा बसविणे शेतकऱ्याला स्वतःच्या हाताने जमले पाहिजे. लक्ष्मणरावांनी विलायती नांगर नमुन्यादाखल पुढे ठेवला होता खरा, पण तो ओढावयाचा होता दख्खनच्या बैलांनी.

नांगर तयार झाले, आणि कोणी ते घेईना. लोखंडाने जमिनीला विष बाधते, तिचा कस जातो, असे शेतकऱ्यांना वाटे. दिवस गेले, महिने गेले. सुमारे दोन वर्षे गिऱ्हाईक मिळाले नाही. पदरचे पैसे घालून ओतलेले लोखंड दुकानात पडून होते. चांगली नोकरी सोडून आलेल्या, बायकामुलांचा संसार असलेल्या मनुष्याला ती दोन वर्षे कशी गेली असतील, याची कल्पना करता येते.

शेतकऱ्यांच्या या समजुतीला हसणे सोपे आहे. परंतु थोडा विचार केला, तर त्यांची भीती अगदीच निराधार वाटत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ त्यांनी नुकतेच सोसले होते. ज्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून आहे, त्याने नव्या अवजाराचा प्रयोग करावयाचा तो कोणत्या बळावर? प्रयोग फसला, तर कारखानदाराचा एक नांगर परत येईल. शेतकऱ्याचे वर्ष परत येत नाही. शिवाय सुताराचा नांगर धान्यावर मिळे, आणि या नांगराला रोख रुपये पडत. लाकडी नांगराच्या फाळातही लोखंडच होते, असा युक्तिवाद करून त्यांना गप्प करता आले असते. परंतु गप्प झालेला मनुष्य नांगर विकत घेतोच असे नाही.

लक्ष्मणरावांनी वाट पाहिली आणि नांगर सुधारीत नेला. पहिले थोडे नांगर शेतात गेले आणि मग जे काम शब्दांनी होत नव्हते, ते मातीने केले. पालथ्या पडलेल्या ढेकळांत हरळीच्या मुळ्या उन्हाने करपलेल्या दिसत होत्या. शेजारच्या बांधावरून ते कोणालाही पाहता येत होते. हळूहळू मागणी येऊ लागली.

कारखाना थोडा स्थिर होतो न होतो, तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगाव नगरपालिकेला वस्तीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा हवी होती. ती सोडणे भाग पडले. यंत्रे, भट्टी, माणसे घेऊन जावयाचे कोठे? या सुमारास लक्ष्मणराव औंध संस्थानात बांधकामाच्या निमित्ताने गेले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि गुणी माणसांची पारख असलेले राजे होते. त्यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळ, ३२ एकर माळ देऊ केला आणि १०,००० रुपयांचे कर्जही दिले.

माळ कसला, निवडुंगाचे रानच ते. निवडुंगाच्या बेटांत नाग-साप मनसोक्त राहत. पाण्याचे हाल होते, सावलीला झाड नव्हते. एकच गोष्ट चांगली होती : आगगाडी जवळून जात होती. कच्चे लोखंड आणावयाला आणि तयार नांगर पाठवावयाला तिचा उपयोग होता. १० मार्च १९१० रोजी या माळावर किर्लोस्करवाडीचा पाया घातला गेला. निवडुंग तोडला, साप मारले, झोपड्या आणि छपरे उभी राहिली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी आपला संसार त्याच माळावर मांडला.

या वाडीतली माणसे हा एक स्वतंत्र विषय आहे. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी व व्यवस्था अंगावर घेतली. शंभोराव जांभेकर यंत्रांच्या कामात वाकबगार होते. मंगेशराव रेगे हिशेब पाहत. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्ध्यावर सोडली होती; ते येथे कल्पक इंजिनिअर झाले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या दोघांना तर लक्ष्मणरावांनी चक्क पहारेकरी नेमले! लोकांनी भुवया उंचावल्या असतील. परंतु त्या दोघांनी वाडीची राखण इमानाने केली. शिवाशिव पाळावयाची नाही, असा या वसाहतीचा नियम होता. ज्या काळी गावोगाव पाणवठे वेगळे होते, त्या काळी हा नियम करणे नांगर विकण्याहून कठीण होते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी लोखंड येईनासे झाले आणि दगडी कोळशाचा तुटवडा पडला. नांगरांना आता मागणी होती, पण ते ओतावयाचे कशाचे? दगडी कोळशाच्या जागी लाकडी कोळसा वापरून भट्टी चालू ठेवण्यात आली. लोखंडासाठी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज मदतीला आले. संस्थानातील जुन्या, निकामी झालेल्या तोफा त्यांनी कारखान्याला दिल्या. एके काळी शत्रूवर आग ओकणाऱ्या त्या तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर होऊन शेतात गेले.

युद्ध संपल्यावर, १९२० साली, 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्रक काढले. अवजारांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावी एवढाच त्याचा आरंभीचा हेतू होता. पुढे त्याचे 'किर्लोस्कर' हे मराठीतील नामांकित मासिक झाले. कारखान्यातून उसाचे चरक निघू लागले, भुईमूग फोडण्याची यंत्रे निघाली, आणि त्यानंतर पंप आले. मोटेला जुंपलेले बैल दिवसभर विहिरीच्या धावेवर पुढे-मागे करीत. पंपाने ते पाणी त्यांच्यावाचून वर येऊ लागले. पुत्र शंतनुराव १९२२ साली अमेरिकेस जाऊन यंत्रविद्या शिकून आले आणि कारभाराचा भार त्यांनी उचलला.

लक्ष्मणरावांना दीर्घायुष्य लाभले. ज्या बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेथील एका रस्त्याला किर्लोस्कर रोड हे नाव मिळाले. कुंडल रोड स्थानकाची पाटीही बदलली आणि तिच्यावर किर्लोस्करवाडी असे नाव आले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यानंतर तेरा वर्षांनी, २० जून १९६९ रोजी, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले.