कल्याणच्या यमूचा अभ्यास

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या आपल्यापैकी बहुतेकांनी कॉलेजसाठी कल्याण गाठलं, नाहीतर ओलांडलं. त्याच कल्याणात डॉ. आनंदीबाई जोशी यांचं बालपण गेलं. त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, एवढं आपल्याला पाठ्यपुस्तकातून आणि २०१९च्या चित्रपटातून माहीत असतं. पण आपल्यासारखी दहा वर्षांची शाळा नशिबी नसताना त्यांनी अभ्यास केला तरी कसा, याचं मला जास्त कुतूहल आहे.

३१ मार्च १८६५ हा त्यांचा जन्मदिवस. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात कारकून, बिजवर आणि वयानं जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. बायकोला शिकवू देणार असाल तरच लग्न करीन, ही त्यांची अट होती. पुढे ती त्यांनी पाळली, पण कशी? पुस्तक बाजूला पडलं की मार. लाकडाचे तुकडे, खुर्ची, पुस्तकं, हाताला येईल ते अंगावर यायचं. आनंदीबाईंनीच पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात या सगळ्याची आठवण करून दिली आहे. गोपाळरावांच्या तळमळीचं कौतुक करताना ही मारझोड आपण शिस्त म्हणून खपवून घेतो, ते मला पटत नाही. धाकानं पाठ केलेलं किती दिवस टिकतं, ते आपल्या बाई-सरांना विचारा.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाळंतिणीला आणि बाळाला वेळेवर औषधपाणी न मिळणं म्हणजे काय, ते त्यांनी स्वतः भोगलं. डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनानं घेतलं ते यातून. इथून पुढे अभ्यास त्यांचा स्वतःचा झाला असं मला वाटतं. तोवर तो गोपाळरावांचा होता.

पोस्टातली नोकरी म्हणजे बदल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. दर थोड्या दिवसांनी नवं बिऱ्हाड, नवे शेजारी, नवी कुजबूज. मुंबईत काही काळ मिशनच्या शाळेत गेल्या, तेवढीच काय ती शाळा. बाकी मराठी, संस्कृत, इंग्रजी, गणित, सगळं घरी. सामान सोडलं की पुस्तकं बाहेर, आणि जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू.

त्यांच्या इंग्रजीला खरा हात दिला तो पत्रांनी. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिलेलं पत्र १८८० साली तिकडच्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत असताना वाचलं आणि आनंदीबाईंना लिहिलं. पुढची तीन वर्षं दोघींचा पत्रव्यवहार चालला. सण, चालीरीती, बालविवाह, तब्येत, असं सगळं परक्या भाषेत, समोरच्या बाईला कळेल असं मांडायचं. व्याकरणाच्या पुस्तकानं हे काम झालं नसतं. मी संगणकाच्या धंद्यात आहे, आमच्याकडेही भाषा येते ती दुसऱ्यासाठी लिहायला लागल्यावरच.

१८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या. नवरा सोबत नव्हता, हाती मॅट्रिकचं प्रमाणपत्रही नव्हतं. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण पुऱ्या करत नाही, हे अर्जाच्या पत्रात त्यांनी लपवलं नाही. उलट नातलग आणि जात यांचा विरोध पत्करून इथवर आले, तो निर्धार जमेस धरा, असं कळवलं. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजनं तो जमेस धरला. पदवीच्या प्रबंधाला त्यांनी विषय घेतला आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. बदल्यांच्या गावी घरी बसून घोकलेलं संस्कृत तिथे कामी आलं.

११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. पण या तीन वर्षांचा हिशेब शरीरानं चुकता केला. कडाक्याची थंडी, धुरानं भरणारी शेगडी, शाकाहारी माणसाला जेमतेम मिळणारं अन्न, वरचेवर आजारपण. तरी अभ्यास थांबला नाही. तो काही दिवस थांबायला हवा होता, असं मला आई म्हणून वाटतं. दहावीला रात्र रात्र जागल्याची फुशारकी आपण अजून मारतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. १८८६च्या अखेरीस त्या परतल्या त्या क्षयानं खंगूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरला रुजू होणं राहूनच गेलं. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली.

त्यांचं मराठीतलं चरित्र लिहिलं काशीबाई कानिटकरांनी, त्यांच्या पत्रांच्या आधारानं. काशीबाईही लग्नानंतर घरीच वाचायला शिकल्या होत्या.