विश्लेषण : रेडिओ सिलोनपुढे दिल्लीचे नियम का हरले? माहितीमंत्री बाळकृष्ण केसकर यांची कहाणी

भिवंडीच्या नारपोलीत यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या कामगाराच्या खिशात एकच उपकरण असते, मोबाइल. गावाकडे बोलणे, गाणी, मालिका, बातम्या सगळे त्याच्यावरच. गाण्याचा सर्व्हर कुठल्या देशात आहे, हे त्याला ठाऊक नसते आणि त्याने काही अडतही नाही. अडते ते सरकारचे. कारण कायदा सीमेपर्यंत चालतो, प्रक्षेपणाला सीमा नसते. भारताला हा धडा इंटरनेटच्या कितीतरी आधी, १९५२ मध्ये मिळाला. तेव्हा माहिती व नभोवाणी खाते एका मराठी माणसाकडे होते, डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे.

कोण होते केसकर?

जन्म १९०३ चा. शिक्षण काशी विद्यापीठात आणि पुढे पॅरिसमध्ये. काँग्रेसच्या संघटनेत काम केल्यानंतर ते परराष्ट्र खात्याचे उपमंत्री झाले. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातील सुलतानपूरमधून लोकसभेवर गेले आणि माहिती खाते मिळाले ते थेट १९६२ पर्यंत. या खात्यात इतकी वर्षे दुसरा मंत्री टिकलेला नाही.

शास्त्रीय संगीत हा त्यांचा ध्यास होता. संस्थाने विलीन झाली, गवयांचा राजाश्रय गेला. ती जागा आकाशवाणीने घ्यावी, असे त्यांचे मत होते. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन. कलाकारांना स्वरचाचणी देऊन श्रेणी मिळू लागली. अनेक घराण्यांच्या गायक-वादकांची चूल त्या मानधनावर पेटली. केसकरांची थट्टा करताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

चित्रपटगीते रेडिओवरून कशी गेली?

केसकरांना चित्रपटसंगीत उथळ वाटे. त्यांनी अशा गाण्यांचा वेळ एक दशांशावर आणला, गाण्यांची निवड कडक केली आणि निवेदनात चित्रपटाचे नाव घेणे बंद केले. नाव घेतले तर ती फुकट जाहिरात होते, हा युक्तिवाद. निर्मात्यांनी त्यावर गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. म्हणजे सरसकट बंदीचा हुकूम असा निघाला नव्हता. पण काही महिन्यांत चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळपास नाहीशी झाली.

श्रोते मात्र नाहीसे झाले नाहीत. त्यांनी रेडिओची सुई फिरवली.

सुई कोलंबोवर का थांबली?

दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याच्या आग्नेय आशिया कमांडने सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, शक्तिशाली लघुलहरी ट्रान्समीटर उभारला होता. युद्ध संपल्यावर तो रेडिओ सिलोनला मिळाला आणि १९५० मध्ये तिथे जाहिरातींवर चालणारी सेवा सुरू झाली. लघुलहरी वातावरणातील आयनांच्या थरावर आपटून परत जमिनीकडे येतात. त्यामुळे कोलंबो ते मुंबई हे सुमारे दीड हजार किलोमीटर अंतर त्यांना काहीच नाही.

१९५२ च्या अखेरीस ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. यातली गंमत पाहा. गाणी भारतीय, निवेदक अमीन सयानी मुंबईचे, ध्वनिमुद्रण मुंबईत, टूथपेस्ट भारतात विकली जाणारी, श्रोते भारतीय. मुद्रित टेप तेवढी विमानाने कोलंबोला जाई. फक्त ट्रान्समीटर परदेशात होता आणि तेवढ्याने दिल्लीचा नियम गैरलागू ठरला. शिवाय तेव्हा रेडिओ बाळगायला टपाल खात्याचा परवाना लागे. परवान्याचे पैसे भारत सरकारला द्यायचे आणि ऐकायचे कोलंबो! आकाशवाणीवर तेव्हा जाहिराती नव्हत्या, त्यामुळे जाहिरातदारांचा पैसाही सिलोनकडे वळला.

तोड काय निघाली?

परराष्ट्र खात्यात काम केलेल्या केसकरांच्या काळात शेवटी तोड निघाली ती घरातलीच. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते परतली. जाहिराती यायला मात्र १९६७ उजाडले. तोवर केसकर मंत्रालयातून जाऊन पाच वर्षे झाली होती. दिल्लीत १९५९ मध्ये दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे ते नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष होते. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

केसकरांची आवडनिवड चुकीची होती, एवढ्यावर हा विषय संपवणे सोपे आहे. माझ्या मते खरी अडचण वेगळी होती. शेजाऱ्याशी काही ठरलेले नसताना त्यांनी एका देशापुरता नियम केला. पुढे झी टीव्हीबाबत तेच घडले. १९९२ मध्ये खासगी वाहिनीला भारतातून उपग्रहाकडे प्रक्षेपण करता येत नव्हते, म्हणून हिंदी कार्यक्रम हाँगकाँगमार्गे आपल्या घरात आले.

आज शेजारी देशांत काय ठरले आहे?

दूरसंचारापुरते थोडे. दक्षिण आशियाई दूरसंचार नियामकांची परिषद १९९७ पासून आहे. तिच्यात भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश, नेपाळ, भूतान, मालदीव, अफगाणिस्तान आणि इराण असे नऊ देश आहेत. तिथे चर्चा होते ती मुख्यतः स्पेक्ट्रम, सेवा आणि नियमनाची. गाणी, बातम्या, मालिका या आशयाचा विषय निराळा. सार्कने १९८७ मध्ये रेडिओ-टीव्ही कार्यक्रमांची देवाणघेवाण सुरू केली होती, पण २०१४ नंतर सार्कची शिखर परिषदच झालेली नाही. युरोपने १९८९ मध्येच ठरवले की वाहिनी ज्या देशातून चालते, त्या देशाने तिच्यावर लक्ष ठेवायचे आणि इतरांनी ती अडवायची नाही. दक्षिण आशियात असा करार नाही.

भारतातही घडी बसलेली नाही. दूरसंचार आणि प्रसारणासाठी एकच आयोग नेमणारे विधेयक २००१ मध्ये लोकसभेत आले आणि २००४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच बारगळले. त्याच वर्षी केबल आणि प्रसारण सेवा ‘ट्राय’च्या कक्षेत आल्या, पण कार्यक्रमांतील आशय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडेच राहिला. २०२३ चा दूरसंचार कायदा आला, तोही प्रसारणातील आशयाला हात न लावता. नारपोलीतल्या त्या मोबाइलचे सिग्नल आज एका खात्याच्या अखत्यारीत आहेत, तर त्यावर दिसणारी मालिका दुसऱ्या खात्याच्या.