ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स

स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर व्यक्तीचे चरित्र आपल्या शब्दांत लिहून द्यावे असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा बहुतेकींनी जिजाऊसाहेबांचे नाव घेतले. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यातले, तेव्हा ते योग्यच होते. मी मात्र अशा माणसाचे चरित्र लिहिते आहे, जो आपल्या जिल्ह्यात कधी आला नाही आणि ज्याचे नाव दीड वर्षापूर्वी मलाही ठाऊक नव्हते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

याला निमित्त झाले ते गजानन महाराजांच्या प्रगटदिनाच्या पारायणाचे. शेजारच्या काकूंकडे दरवर्षी एकवीस अध्यायांचे वाचन असते आणि मी कॅथॉलिक असले तरी बोलावणे चुकत नाही. मागे बसून ऐकते, प्रसादाला हातभार लावते. त्या वर्षी प्रसाद वाटताना एका वयस्क बाईंनी सहज विचारले, की तुमच्या लोकांत कोणती पोथी वाचतात. मी बायबलचे नाव सांगितले. त्यांना ते पटले नाही. ग्रंथ निराळा आणि पोथी निराळी. पोथी म्हणजे ओवीत रचलेली, चालीवर म्हणायची, चारचौघींत बसून ऐकायची. मला उत्तर आले नाही. घरी येऊन सासूबाईंना विचारले, तर त्यांनाही माहीत नव्हते. त्यांची सारी भक्ती जपमाळेवर. लिहितावाचता येत नाही आणि आता दिसतही कमी.

रविवारी मिस्सा झाल्यावर मी फादरांना विचारले. ते हसले, आणि पुढच्या खेपेस एक जाडजूड ग्रंथ घेऊन आले. ते होते ख्रिस्तपुराण, चारशे वर्षांपूर्वी मराठीत ओवीबद्ध केलेले. ओव्या किती, तर दहा हजार नऊशे बासष्ट! आणि रचणारा कोण, तर एक इंग्रज.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन नावाच्या खेड्यात झाला. वडील व्यापारी. त्या काळी इंग्लंडात एलिझाबेथ राणीचे राज्य होते आणि कॅथॉलिक धर्म पाळणे हा गुन्हा ठरत चालला होता. मिस्सा करायची ती दारे लावून. थॉमस पाऊंड नावाचे एक श्रीमंत गृहस्थ त्यांचे स्नेही होते. धर्मबांधवांना धीर देत पाऊंड गावोगाव हिंडत, तेव्हा स्टीफन्स त्यांचे नोकर म्हणून सोबत राहत, म्हणजे कोणाला संशय येऊ नये. दोघांनी मिळून रोमला जावे आणि येशूसंघात प्रवेश घ्यावा असे ठरले होते. पण पाऊंड पकडले गेले, आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे या ना त्या तुरुंगात राहिले. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. आपला मित्र तुरुंगात आहे, त्यालाही संघात घ्यावे, अशी खटपट त्यांनी तेथे केली आणि ती सफळ झाली. माणूस कसा होता हे मला तरी या एका गोष्टीवरून कळले.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. सहा महिन्यांहून अधिक प्रवास! गोड्या पाण्याचे हाल, हिरड्या सुजण्याचा रोग. जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली व सत्तावीस दगावली. हे सारे त्यांनी गोव्यास पोहोचताच वडिलांना पत्राने कळविले. ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले. येथे येऊन राहिलेला, माहीत असलेला पहिला इंग्रज तो हाच. १५८३ साली काही इंग्रज व्यापारी गोव्यात कैदेत पडले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडविण्यासाठीही यांनीच धावपळ केली.

त्यांचे उरलेले आयुष्य बहुतेक गोव्यातल्या साष्टी महालात गेले. मुंबईजवळची ती साष्टी निराळी, ही मडगावची. येथे एक गोष्ट शेजारणींपासून लपवून ठेवणे मला बरे वाटत नाही. तेथे राज्य पोर्तुगीजांचे होते. देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्या वाचण्यास बंदी होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावी लोकांनी येशूसंघाचे पाच जण मारले. अकबर बादशहाच्या दरबारी राहून आलेले फादर रुडॉल्फ आक्वाविवा त्यांतच होते. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावच्या गावकरांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून दग्याने मारले. त्या पाचांना आमच्या धर्मात हुतात्मे मानतात, आणि कुंकळ्ळीचे लोक आपल्या गावकरांची आठवण ठेवतात. मी दोन्ही वाचले आणि त्या रात्री पुस्तक मिटून ठेवले. ज्या माणसाच्या देशात त्याच्या धर्माची प्रार्थना दारे लावून करावी लागे, तोच माणूस अशा ठिकाणी आला, जेथे त्याच्याच बाजूच्या लोकांनी दुसऱ्यांना दारे लावावयास लावली होती.

मग चार दिवसांनी पुन्हा उघडले, ते सासूबाईंच्या आग्रहावरून. अर्धी ऐकलेली गोष्ट त्यांना चैन पडू देत नाही.

पुराणाच्या आरंभीच ते कशापायी रचले गेले हे सांगितले आहे. नवीन ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक जण पाद्री गुरूंना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही. मला हा प्रश्न फार खरा वाटला. स्नानसंस्कार घेऊन नाव बदलते, पण संध्याकाळी दिवा लागल्यावर चार माणसे एकत्र बसली की काय ऐकायचे? पहाटे जात्यावर बसलेल्या बाईने तोंडाने काय म्हणायचे? धर्म देवळात किंवा चर्चमध्ये तासभर असतो, उरलेला सारा वेळ तो घरात राहायचा असतो. हे स्टीफन्स यांना उमगले, आणि त्यासाठी त्यांनी आपले निम्मे आयुष्य घातले.

पंतोजींच्या शाळेत न गेलेल्या परदेशी माणसाने मराठी ओवी रचावी हे काम सोपे नव्हे. गोव्यात घरची बोली कोकणी आणि पोथी-कीर्तनाची भाषा मराठी. त्यांनी दोन्ही आत्मसात केल्या. कोकणीचे व्याकरण लिहिले. ते त्यांच्यामागे १६४० साली छापले गेले आणि छापलेले भारतीय भाषेचे पहिले व्याकरण म्हणून त्याची गणना होते. पुराणासाठी मात्र मराठी घेतली आणि सामान्यांना कळावे म्हणून तीत कोकणी शब्द मिसळले. आपले एकनाथ महाराज त्याच काळातले, १५९९ साली त्यांनी देह ठेवला. तीच ओवी, तसाच गुरूला प्रश्न विचारण्याचा ढंग. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. प्रभूची आई तेथे अंकुवारी मरिया होऊन येते. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच्या कथा आहेत, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. आरंभी मराठी भाषेची जी स्तुती केली आहे, ती शिकल्यासवरल्या लोकांना ठाऊक असते म्हणतात. मला ती या वयात भेटली.

ग्रंथ १६१६ साली साष्टीतल्या राशोल येथे छापला गेला, पण रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे नव्हते. ते पाडून घेण्याची परवानगी मिळावी म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिले होते, पण पुराण रोमन अक्षरांतच निघाले. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, ते गोव्यातच वारले. चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत.

त्यांच्यामागे पुराण रविवारी व सणांना मिस्सा आटोपल्यावर वाचले जाई. १६४९ व १६५४ साली ते पुन्हा छापले गेले. आज त्या तिन्ही छपायांची एकही प्रत कोठे सापडत नाही. १६८४ साली तर सरकारने हुकूम काढला, की लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीजच बोलावी. मग हे टिकले कसे? लोकांनी हाताने उतरवून घरात ठेवले म्हणून टिकले. गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती लोकांत अशा वह्या होत्या, आणि त्यांवरून १९०७ साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला गेला. देवनागरीत तो पुण्याहून निघाला १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने. मी वाचते ती २००९ ची आवृत्ती फादर नेल्सन फाल्काव यांची, आजच्या मराठीत अर्थ दिलेली. तो अर्थ नसता तर माझी सातवी पहिल्याच पानावर अडली असती.

आमच्याकडे आता रोज जपमाळ झाली की दहा ओव्या होतात. पहिल्या दिवशी मी शाळेतल्यासारखे वाचू लागले, तर सासूबाईंनी थांबविले. त्यांचे बालपण दळणाच्या ओव्यांत गेले. त्यांनी नुसते गुणगुणून चाल धरून दिली आणि मग शब्द आपोआप बसू लागले. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी मला पोथी वाचायला शिकविले असे म्हणावे लागेल. एखादा शब्द मला अडला, तर कधी कधी त्यांनाच तो जुन्या वऱ्हाडी बोलण्यावरून लागतो, आणि मग त्या दिवशी त्या जरा ऐटीत असतात.

गेल्या उपवासकाळात काकू सहज ताक मागायला आल्या, त्या दारातच उभ्या राहून ऐकू लागल्या. मी पाट दिला. प्रभूला क्रूसाकडे नेतात तो भाग चालला होता. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि पुढे काय होते ते विचारले. ताक तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या, सोबत त्या पोथी विचारणाऱ्या बाईंना घेऊन.