गणिताचार्य महावीराचार्य

नवव्या शतकात दक्षिणेत राष्ट्रकूटांचे राज्य वैभवाच्या शिखरावर होते. सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. त्यांच्याच राजवटीत आचार्य जिनसेनांनी इ. स. ८३७ मध्ये ‘जयधवला’ टीका पूर्ण केली आणि इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला.

महावीराचार्यांच्या जन्माची वा कुळाची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही. दिगंबर परंपरेतील या विद्वानाचे चरित्र त्यांच्या ग्रंथातूनच वाचावे लागते. आर्यभट व ब्रह्मगुप्त यांनी ज्योतिषग्रंथांत गणितासाठी अध्याय राखले होते. महावीराचार्यांनी भगवान महावीरांना वंदन करून अकराशेहून अधिक श्लोकांचा संपूर्ण ग्रंथच गणिताला वाहिला. त्यात व्याज, भागीदारी, सोन्याचा कस अशी व्यापाऱ्याच्या नित्य उपयोगाची उदाहरणे विपुल आहेत.

मोठ्या संख्यांविषयी आचार्यांना विशेष प्रीती होती. त्यांनी एकपासून महाक्षोभापर्यंत चोवीस स्थानांची नावे दिली. गुणाकाराच्या प्रकरणात तर त्यांनी उलटसुलट सारख्याच वाचल्या जाणाऱ्या संख्या गुंफल्या आणि अशा काहींना कंठाभरणाची उपमा दिली. त्यांतील एक संख्या १२३४५६५४३२१ ही होय. एकापासून सहापर्यंत चढत जाऊन पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही अकरा अंकी संख्या आपल्या आजच्या भाषेत १२३४ कोटी ५६ लाख ५४ हजार ३२१ होते.

२७९९४६८१ ला ४४१ ने गुणले असता ही संख्या मिळते. यातील मर्म असे की ४४१ हा २१ चा वर्ग आहे, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे बरोबर सहा एकांची संख्या, ११११११. तिचाच वर्ग ही माळ होय. सहा एकांना सहा एकांनी गुणताना मांडणीच्या कोणत्याही उभ्या रकान्यात सहापेक्षा अधिक एक येत नाहीत, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही आणि माळ अखंड राहते. नऊ एकांपर्यंत हा नियम चालतो. दहा एक होताच हातचा येतो आणि माळ तुटते.

ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हे आचार्यांनी स्पष्ट सांगितले. अनेक वस्तूंतून काही निवडण्याचे किती प्रकार होतात, याचा सर्वसाधारण नियमही त्यांनी दिला. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते हे त्यांचे मत मात्र पुढे टिकले नाही. तथापि एका मतामुळे एवढ्या कार्याचे मोल उणे होत नाही.

अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगूत आणला. पुढे हस्तलिखितांत राहिलेला मूळ ग्रंथ एम. रंगाचार्य यांनी १९१२ मध्ये मद्रास येथून इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केला. १९६३ मध्ये लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद आपल्या सोलापुरातील जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत छापला. ज्यांनी पोथ्या जपल्या आणि ज्यांनी छपाईसाठी धन वेचले, त्यांच्यामुळेच आचार्यांची ही माळ अकराशे वर्षांनंतरही आपल्या हाती आहे.