खिशात दमडी नसलेला प्रवासी

परीक्षा संपली रे संपली की आमच्या हॉस्टेलमध्ये एकच विषय सुरू होतो : फिरायला कुठे जायचं? गोवा, मनाली आता सगळ्यांचं करून झालंय. यंदा टूम निघाली ती दक्षिण अमेरिकेची. पाठीवर सॅक टाकायची, पेरूमधल्या लिमाहून रात्रीची बस पकडायची, समुद्राच्या कडेकडेने उतरत चिलीतल्या वाल्पाराइसोला पोचायचं, डॉर्मिटरीत झोपायचं, बंदरावर भटकायचं... विमानाच्या तिकिटाचा आकडा कळला की ही चर्चा आपोआप मेसच्या भाजीवर येते, ती गोष्ट वेगळी!

तर मित्रमैत्रिणींनो, ह्या गप्पा ऐकताना मला राहून राहून एक माणूस आठवतो. त्याने सव्वाशे वर्षांपूर्वी असंच केलं होतं. बंदरांच्या गावांतून, परक्या भाषांतून, जवळजवळ फुकट. फरक एवढाच की त्याला फिरायचं नव्हतं, शिकायचं होतं. त्याचं नाव धर्मानंद कोसंबी. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ‘कोसंबी’ म्हटलं की त्यांचे चिरंजीव आठवतील, गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबी. सिग्नल प्रोसेसिंगमध्ये ज्याला आपण कारहुनेन-लोएव्ह म्हणतो, त्या सूत्राचं मूळ १९४३ च्या त्यांच्या निबंधात आहे. पण आज बोलायचंय ते वडिलांबद्दल.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा. घर सारस्वत ब्राह्मणाचं, उत्पन्न नारळाच्या बागेचं. शाळा म्हणाल तर नावापुरती मराठी शाळा, तीही धड नाही. बागेची कामं, आजारपणं, ह्यातून उरेल तेवढं शिक्षण. १८९१ मध्ये लग्न झालं, बायकोचं नाव बाळाबाई. म्हणजे ज्या वयात आपण दहावीचे क्लास लावतो, त्या वयात हा मुलगा संसारी झाला होता. सगळं ठरल्यासारखं चाललं असतं तर नारळ मोजता मोजता आयुष्य गेलं असतं.

तसं झालं नाही ह्याला कारण लहान मुलांचं एक मासिक! ‘बालबोधमेवा’ हे मराठी मासिक अमेरिकन मिशनऱ्यांचं. १८९७ च्या सुमारास त्यात बुद्धाच्या चरित्रावरचा लेख त्यांनी वाचला आणि डोक्यात तेच घेऊन बसले. मी दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढली आहेत, त्यामुळे मला ह्याची फार गंमत वाटते. ख्रिस्ती मंडळींच्या मासिकाने गोव्यातल्या एका ब्राह्मणाला बुद्धाकडे पाठवलं.

आता बुद्धाबद्दल आणखी वाचायचं तर कुठे? मराठीत फारसं काही नव्हतं. पुस्तकं इंग्रजीत, आणि इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मूळ ग्रंथ पाली भाषेत, आणि पाली शिकवणारं आसपास कुणी नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं की आधी संस्कृत शिकायचं आणि मग बुद्धाचा धर्म जिथे जिवंत असेल तिथे जायचं. १८९९ च्या अखेरीला त्यांनी घर सोडलं. त्याच वर्षी त्यांची पहिली मुलगी माणिक जन्मली होती. हे वाक्य मी लिहून पुढे जाऊ शकते, पण जाणार नाही. त्यावर परत येऊच.

पहिला मुक्काम पुणे. तिथे ते थेट डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना जाऊन भेटले. प्रार्थना समाजाच्या मंडळींची ओळख झाली, थोडा आधार मिळाला, पण मनासारखं शिक्षण जमेना. मग इंदूर, ग्वाल्हेर करत काशी. काशीत विद्यार्थ्यांसाठी अन्नछत्रं असत. तिथे एक वेळ जेवायचं आणि गुरूकडे जाऊन संस्कृत व्याकरण घोकायचं, असा क्रम सुरू झाला. आमच्या मेसला नावं ठेवणाऱ्यांनी (त्यात मीही आले) हा भाग दोनदा वाचावा. पंचविशीच्या आसपासचा, बायको-मुलगी असलेला माणूस, लहान लहान पोरांच्या पंगतीत बसून धातुरूपं पाठ करत होता.

काशीत त्यांना एक नेपाळी मित्र मिळाला. बुद्ध जन्मला त्या मुलखात तरी त्याचा धर्म असेल अशा आशेने १९०२ च्या सुरुवातीला ते त्याच्याबरोबर नेपाळला गेले. तिथे जे पाहिलं त्याने त्यांची घोर निराशा झाली. अहिंसा सांगणाऱ्याच्या देशात देवापुढे जनावरं कापली जात होती, आणि ग्रंथ समजावून सांगेल असं कुणी भेटेना. मागे वळून ते बोधगयेला आले. तिथे कळलं की पाली शिकायची तर सिलोनला जायला हवं. एखादा घरी परतला असता. हे कलकत्त्याला गेले, महाबोधी सोसायटीच्या लोकांची मदत मिळवली, तिथून दक्षिणेत, आणि मग बोटीने कोलंबो.

कोलंबो म्हणजे त्या काळचं मोठं बंदर. युरोपहून पूर्वेकडे जाणाऱ्या बोटी तिथे थांबत. गोव्याहून निघालेला माणूस आधी दोन वर्षं उत्तर हिंदुस्थान पालथा घालून शेवटी पुन्हा समुद्रालाच येऊन पोचला! कोलंबोतल्या माळिगाकंद भागात विद्योदय नावाचं विद्यालय होतं. हिक्कडुवे सुमंगल ह्या महास्थविरांनी ते १८७३ मध्ये स्थापन केलं होतं. तिथे कोसंबींना हवं होतं ते सगळं एकदम सापडलं : गुरू, ग्रंथ आणि वेळ. १९०२ मध्येच ते श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू झाले.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचा प्रवास कळत नाही. श्रामणेराला दहा नियम पाळावे लागतात. दुपारी बारानंतर जेवायचं नाही, हा त्यातला एक. आणि दहावा नियम सोनं-चांदी, म्हणजेच पैसा, न स्वीकारण्याचा. पूर्ण भिक्षू झालं की हे नियम २२७ होतात. म्हणजे आपण ‘लो बजेट’ म्हणतो ते काहीच नाही, इथे बजेट शून्यच. सकाळी भिक्षापात्र घेऊन निघायचं, पडेल ते खायचं. बोटीचं किंवा आगगाडीचं तिकीट लागलं तर कुणा श्रद्धाळू गृहस्थाने काढून द्यायचं, नाहीतर चालत जायचं. कुठे जायचं हे आपण ठरवायचं, पण पोचणार की नाही हे दुसऱ्याच्या चांगुलपणावर!

शिवाय पालीची एक गंमत आहे. तिला स्वतःची लिपी नाही. सिलोनात ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, सयामात आणखी तिसऱ्या. त्यामुळे एकच ग्रंथ वाचायला देशागणिक नवी अक्षरं गिरवावी लागत. कोसंबींनी ती गिरवली. पण सिलोनचं खाणंपिणं त्यांच्या प्रकृतीला मानवेना. वर्षभरात ते मद्रासला आले आणि तिथून ब्रह्मदेशात गेले, रंगून आणि पुढे. तिथे त्यांनी भिक्षूची पूर्ण दीक्षा घेतली. ज्ञानतिलोक नावाचा एक जर्मन भिक्षू तिथे त्यांचा सोबती झाला. दोघेही घरापासून हजारो मैल लांब, सगाइंगच्या डोंगरातल्या गुहेत ध्यान शिकत बसलेले. ह्या जोडीवर कुणी सिनेमा कसा काढला नाही, देव जाणे. मधल्या काळात हिंदुस्थानात येऊन बोधगया, सारनाथ, कुशीनगर ही सगळी ठिकाणंही त्यांनी भिक्षू म्हणूनच हिंडून पाहिली, बरीचशी पायी.

आता ती राहिलेली गोष्ट.

मी वर्सोव्याची. आमच्या घरापासून कोळीवाडा दोन मिनिटांवर. तिथल्या मोठ्या होड्या बर्फ, डिझेल, तांदूळ, पिण्याचं पाणी भरून खोल समुद्रात जातात त्या आठ-आठ, दहा-दहा दिवस येत नाहीत. मागे राहिलेल्या बायका काही खिडकीत बसून वाट बघत नाहीत. मासळीचा धंदा त्यांच्या हातात असतो, पैशाचा हिशेब त्यांच्याकडे असतो, बाजारात त्यांच्याशी घासाघीस करून बघा म्हणजे कळेल. त्यामुळे वाट बघणं म्हणजे काय हे मी लहानपणापासून पाहिलंय. पण त्यात होडी कधी येणार ह्याचा साधारण अंदाज असतो.

बाळाबाईंना तो नव्हता. कडेवर तान्ही मुलगी, हातात धंदा नाही, शिक्षण नाही, आणि नवरा कधी परतणार, की परतणारच नाही, हे माहीत नाही. तो तर संन्यासी झालेला! भिक्षू झालेल्या माणसाला बायकोमुलं नसतात. आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये मी ही गोष्ट सांगितली तेव्हा दोन तट पडले. एकीचं म्हणणं, एवढं मोठं काम करायला निघालेल्या माणसाला घराच्या मापाने मोजू नये. दुसरीने विचारलं, बाळाबाई असं निघून गेल्या असत्या तर त्यांच्यावर कुणी लेख लिहिला असता का? मी दुसरीच्या बाजूची आहे. त्यांच्या विद्येबद्दल मला अतोनात आदर आहे, पण त्या विद्येच्या फीचा मोठा हप्ता बाळाबाईंनी भरला, हे चरित्रात नुसतं एका ओळीत उरकलेलं मला आवडत नाही.

मात्र कोसंबींच्या बाजूने एक सांगायलाच हवं. ते परत आले. १९०६ मध्ये कलकत्त्याला आल्यावर त्यांनी चीवर उतरवलं आणि पुन्हा गृहस्थ झाले. त्यांना पाली शिकवायची होती, आणि घरही पुन्हा उभं करायचं होतं. तिथल्या नॅशनल कॉलेजात आणि विद्यापीठात ते पाली शिकवू लागले, बाळाबाईंना आणलं. ज्या माणिकला तान्ही सोडलं होतं ती तोपर्यंत सात वर्षांची झाली होती. १९०७ मध्ये दामोदर जन्मला.

पण स्वस्थ बसतील तर ते कोसंबी कसले! बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी महिना ५० रुपये देऊ केले, तेव्हा कलकत्त्यातल्या कितीतरी मोठ्या पगारावर पाणी सोडून ते इकडे आले. कॅम्पस प्लेसमेंटच्या सीझनमध्ये ही गोष्ट कुणाला सांगू नका! मुंबई विद्यापीठात पाली हा विषय सुरू झाला त्यामागे त्यांची खटपट होती. १९१० मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक वुड्स यांच्यामुळे ते अमेरिकेला गेले. काम होतं ‘विशुद्धिमग्ग’ ह्या ग्रंथाचं. पाचव्या शतकात बुद्धघोषाने सिलोनात लिहिलेला हा ग्रंथ संपादित करायला हेन्री वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने घेतला होता, पण १८९९ मध्ये, म्हणजे कोसंबींनी घर सोडलं त्याच वर्षी, तो वारला. अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला सिंहली आणि ब्रह्मी पोथ्या वाचणारा माणूस हवा होता. रंगून-कोलंबोत गिरवलेली अक्षरं अशी उपयोगाला आली. पण काम होत आलं तसा श्रेय कुणाचं ह्यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी खटका उडाला आणि १९१२ मध्ये ते परत आले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी सहा वर्षं पाली शिकवली.

१९१८ ला पुन्हा हार्वर्ड. ह्या वेळी माणिक आणि दामोदर दोघांना बरोबर नेलं. मुलीलाही अमेरिकेत कॉलेजात शिकवलं, हे त्या काळात साधं नव्हतं. बाळाबाई धाकट्या मुलींबरोबर इकडेच राहिल्या. पुन्हा एकदा! नंतर गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात काही वर्षं, आणखी हार्वर्ड वाऱ्या, १९२९ मध्ये लेनिनग्राड. मधल्या काळात, १९२४ साली, ‘निवेदन’ हे त्यांचं आत्मचरित्र पुस्तकरूपाने आलं. प्रवासाच्या कहाण्या वाचायच्या असतील तर ते जरूर वाचा, भाषा इतकी सरळ आहे की माझ्यासारखीला डिक्शनरी लागली नाही.

१९३० मध्ये रशियाहून आल्यावर हा चौपन्नाव्या वर्षाकडे झुकलेला पंडित मिठाच्या सत्याग्रहात उतरला. आधी शिरोडा आणि मग आमच्या घरापासून काही मैलांवरची विलेपार्ल्याची छावणी. तिथून तुरुंगात. ज्या पार्ल्यात आपण वडापाव खायला उतरतो तिथे हे राहिले होते, हे मला अलीकडेच कळलं. १९३७ मध्ये परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजनविहार उभा केला. आणि १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने (अंधेरीचं भवन्स कॅम्पस आपल्याला माहीत आहे, तीच संस्था) त्यांचा देवनागरीतला ‘विशुद्धिमग्ग’ छापला. हार्वर्डच्या छपाईची वाट बघत बसण्यापेक्षा इथल्या वाचकाला इथल्या लिपीत ग्रंथ मिळाला.

शेवटच्या वर्षांत प्रकृती ढासळली. आपलं काम झालं, आता दुसऱ्यांवर ओझं कशाला, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी अन्न सोडलं. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला ते गेले. स्वातंत्र्याला दोन महिने उरले होते. गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांची आठवण काढली.

हार्वर्डचा ‘विशुद्धिमग्ग’ १९५० मध्ये निघाला, कोसंबी पहिल्यांदा तिथे गेले त्याला चाळीस वर्षं झाल्यावर. त्यावर संपादक म्हणून वॉरनचं नाव आहे आणि ग्रंथ तपासून सुधारणारे म्हणून धर्मानंद कोसंबींचं.